सात नंबरची तोटी

मित्रांनो, मी एक जुनी ब्युरेट आहे, आणि मी अठरा वर्षं गळत होते. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते. नाहीतर माझं कौतुक ऐकत ऐकत तुम्ही निम्म्यापर्यंत याल, आणि मग सांगताना मला आणखी शरम वाटेल.

तुमच्यात जे लहान आहेत त्यांनी मला पाहिलं नसेल. मी काचेची लांब, सरळ नळी आहे. अंगावर वरपासून खालपर्यंत बारीक रेघा आणि आकडे, आणि खाली एक तोटी. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मला लोखंडी स्टँडला उभी बांधतात, माझ्यात द्रावण भरतात आणि तोटी हळूच फिरवून खालच्या चंबूत थेंब थेंब सोडतात. चंबूतलं पाणी एकाएकी गुलाबी होतं. त्याच क्षणी तोटी बंद करायची आणि माझ्या अंगावरचा आकडा वाचायचा. त्याला सगळे रीडिंग म्हणतात. किती सोडलं ते मी सांगते, माझं काम तेवढंच. जवळ येऊन बघा, पण टोकाला हात लावू नका. काच आहे, पटकन लागते.

मला घडवणाऱ्या कारागिरानं माझी तोटी माझ्याच नळीत बारीक पूड घालून तासन्‌तास घासली होती. एक थेंबही निसटू नये म्हणून. अशी घासलेली तोटी फक्त तिच्या नळीला बसते, दुसरीला नाही. अदलाबदल होऊ नये म्हणून त्यानं नळीवर आणि तोटीवर एकच आकडा कोरला: सात. माझ्या शेजारणीवर आठ. भाताच्या पेंढ्यात गुंडाळून आम्ही परतूर तालुक्यातल्या एका कॉलेजात आलो. कॉलेजचं नाव सांगत नाही. लाज माझी आहे, त्याच्या पाटीवर कशाला लिहू?

आमचा सांभाळ कचरूमामांकडे होता. मामा प्रयोगशाळेचे शिपाई. द्रावणं तयार करायची, नळ्या धुवायच्या, पोरांच्या हातून काही सांडलं तर ओरडायच्या आधी त्यांचा हात नळाखाली धरायचा, हे सगळं त्यांचं काम. सुरुवातीची वर्षं चांगली गेली. पोरंपोरी माझ्यासमोर वाकायची, डोळा माझ्या रेघेच्या बरोबरीला आणायची, श्वास धरून बघायची. एखादी चुकली तर मामा म्हणायचे, "डोळा वर न्हाई, बराबर समोर. ती खोटं बोलत न्हाई." ते ऐकून मला भरून पावल्यासारखं वाटायचं.

मग ती प्रॅक्टिकल परीक्षा आली. बाहेरून परीक्षक येणार होते आणि त्यांची एसटी लवकर आली. मामा आम्हाला धूत होते. सगळ्यांच्या तोट्या काढून त्यांनी एका टोपल्यात टाकलेल्या. तेवढ्यात फोन आला, "साहेब एसटी स्टँडवर उभे आहेत." मामांनी हाताला येईल ती तोटी हाताला येईल त्या नळीत बसवली, वरून व्हॅसलीन फासलं आणि ते स्टँडकडे पळाले. माझी तोटी आठ नंबरच्या अंगात गेली आणि तिची माझ्यात आली.

मला लगेच कळलं. दुसऱ्याची चप्पल घातल्यावर कळतं तसं. पण माझं तोंड फक्त भरायच्या कामाचं आहे, बोलायच्या नाही.

त्या दिवशी माझ्यासमोर कांता नावाची मुलगी होती. ती आकडा वहीत लिहीपर्यंत माझ्यातून दोन थेंब खाली पडलेले असायचे. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा वेगळं आलं. एकदा बारा पॉइंट नऊ, मग तेरा पॉइंट सहा, मग चौदाच्याही वर. तिला वाटलं आपलाच हात चुकतोय. ती रडायला लागली. मामांनी पाहिलं. द्रावण त्यांनीच केलेलं, खरा आकडा त्यांना पाठ होता. परीक्षक पोहे खात होते. मामा फडकं घेऊन टेबल पुसायला आले आणि हळूच म्हणाले, "रडू नको बाई. बारा पॉइंट चार लिही."

कांताला पूर्ण मार्क मिळाले. मामांनी हे दयेनं केलं, मित्रांनो. ते अजूनही माझ्या डोळ्यांसमोर आहे आणि अजूनही मला त्यांचा राग येत नाही. राग स्वतःचा येतो. मी गळले नसते तर ते वाकलेच नसते.

पुढच्या वर्षी तीन जणांनी विचारलं. त्याच्या पुढच्या वर्षी सगळ्यांनी. मामा काही एकेकाच्या कानात सांगू शकत नव्हते. मग त्यांनी सोय केली. गुलाबी रंग येण्यासाठी चंबूत ज्या बाटलीतून दोन थेंब टाकावे लागतात, त्या बाटलीखाली ते चिठ्ठी ठेवू लागले. बाटली तर सगळ्यांनाच उचलावी लागते, कुणाला संशय येत नाही. पोरं बाटली उचलायची, आकडा बघायची, वहीत लिहायची आणि मग रीत म्हणून माझी तोटी फिरवायची. माझ्याकडे कुणी बघेनासं झालं. मी भरली जायचे, रिकामी व्हायचे. नव्या, न गळणाऱ्या ब्युरेटा आल्या होत्या, पण फुटतील म्हणून त्या कुलपात होत्या. पाहुणे आले की त्यांना बाहेर काढायचे.

काही वर्षांनी विद्यापीठाचा भरून द्यायचा एक नवा छापील नमुना आला. वर्ष सुरू होताना शिक्षकानं लिहायचं, या विषयात विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे आणि ते आपण कसं तपासणार. वर्ष संपताना लिहायचं, तपासलं तेव्हा किती जणांना आलं. ज्यांना आलं नाही त्यांना का आलं नाही. आणि आता पुढं काय करणार. विभागप्रमुख रामप्रसाद सरांनी तो नमुना माझ्याच टेबलावर बसून मोठ्यानं वाचला. मला फार आशा वाटली. म्हटलं, आता कुणीतरी एका पोराला एकट्याला माझ्यासमोर उभं करील, बाटलीखाली काही नसेल, आणि माझं बिंग फुटेल.

सरांनी पेन काढलं आणि लिहिलं, 'विद्यार्थी स्वतंत्रपणे अचूक रीडिंग घेतो: ९० टक्के.' कारणांच्या रकान्यात 'निरंक'. पुढच्या वर्षी त्याच कागदावरून ९१. त्याच्या पुढं ९२. सर मामांना म्हणाले होते, "एकेक वाढवायचा कचरू, म्हणजे प्रगती दिसती." मागच्या वर्षी आमची प्रगती चौऱ्याण्णववर पोचली होती. मी स्टँडला लटकून गळत होते.

यंदा जूनमध्ये सुमेधा मॅडम आल्या. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितक्यापुरत्या. पुढच्या जूनला पुन्हा मुलाखत. घरी तीन वर्षांची लेक, तिला शेजारी ठेवून यायच्या. टेबलावर फोन उलटा ठेवायच्या आणि दर दहा मिनिटांनी सुलटा करून बघायच्या. त्यांची नजर सगळीकडे असायची. कुणाची ओढणी बर्नरजवळ आहे, कुणी आम्लाची बाटली काठावर ठेवली आहे. तो नमुना यंदा सरांनी त्यांच्याकडे दिला. सोबत मागच्या वर्षीचा कागदही. "ह्यावरून करा. पंच्याण्णव टाका."

फेब्रुवारीतला एक शुक्रवार होता. मामा नळ्या धूत होते, मॅडम वह्या तपासत होत्या. दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. चपला बाहेर काढू का आत ठेवू, हेच तिला ठरवता येईना.

"मामा, ओळखलं का?"

"ओळखलं की," मामा म्हणाले. "अक्षता. मागल्या वर्षीची, वीसपैकी एकोणीसवाली. बस की."

"त्याच्यासाठीच आले," अक्षता म्हणाली आणि बसली नाही. "मॅडम, तुम्ही मला वळखत न्हाई. मी घनसावंगीकडं दूध केंद्रावर लागले होते. दूध आंबलंय का तपासायला. तिथंबी हीच नळी हाय. साहेब म्हणले, कर. मी पहिल्यांदा काय केलं असंल?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"बाटली उचलून खाली बघितलं."

मामांचा हात पाण्यात थांबला. नळ तसाच वाहत राहिला.

"खाली काय असणार तिथं?" मॅडमनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

अक्षतानं मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काहीच नव्हतं. मंग मी आपली सोडत गेले. पार गडद गुलाबी होईस्तोवर. दुर्गाबाई म्हणून एक म्हातारी कॅन घेऊन आल्ती, तीन किलोमीटर चालत. तिला म्हणलं, दूध नासलंय, परत न्या. ती म्हणली, पोरी, आत्ता काढलंय, थानातूनच नासकं येतं का? मी म्हणलं, आजी, नळी सांगती. नळी कुठं, मीच सांगत होते." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "साहेबांनी परत करून बघितलं तर दूध चांगलं. पळत बाहेर गेले मी. तिनं कॅन रस्त्याच्या कडेला ओतून दिल्ता. कुत्रे पीत होते."

मामांनी वाहता नळ बंद केला.

"सोमवारपर्यंत मुदत दिली साहेबांनी. शिकून ये म्हणले, न्हाई तर येऊ नको. मला रीडिंग घेता येत न्हाई, मॅडम. मला एकोणीस मार्क हायेत आणि मला येत न्हाई."

मॅडमनी फोन पर्समध्ये टाकला आणि स्टँड ओढला. नव्या ब्युरेटांच्या कपाटाची किल्ली सरांच्या खिशात, सर जालन्याला गेलेले. हाताशी मी होते. त्यांनी मला भरलं.

मॅडमनी तिला सगळं पहिल्यापासून शिकवलं. डोळा रेघेच्या बरोबर समोर. थेंब सावकाश. "गुलाबी कसं हवं, माहीत आहे? बाळाच्या नखाएवढं फिकं. गडद झालं म्हणजे आपण पुढं निघून गेलो." अक्षतानं केलं. दहा पॉइंट तीन. पुन्हा केलं. दहा पॉइंट नऊ. तिसऱ्यांदा दहा पॉइंट सहा. अठरा वर्षांपूर्वीची कांताच माझ्यासमोर उभी होती.

"माझा हातच फुटका हाय," अक्षता म्हणाली. "जाऊ द्या मॅडम. घरी कापूस येचते."

त्या वेळी मला फुटून जावंसं वाटलं.

पण मॅडम हलल्या नाहीत. घरी तीन वर्षांचं लेकरू असलेल्या बाईला न सांगता गळणारं नाक दिसतं. त्यांनी मला शून्यापर्यंत भरलं, खाली कोरडा चंबू ठेवला आणि म्हणाल्या, "आता काहीच करायचं नाही. नुसतं बघत बसायचं. पाच मिनिटं."

तिघंही बसले. माझ्या टोकाला एक थेंब जमला. मोठा झाला. पडला. मग दुसरा.

"तू नाही गं," मॅडम म्हणाल्या. "ही गळते."

अक्षतानं आपल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो आत्ताच कुणी परत दिला होता.

"मामा, ही कधीपासून गळते?"

मामांनी हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले. "लई वर्षं झाली, मॅडम. आठ नंबरबी गळती."

"मग पोरांची परीक्षा कशी होत होती?"

मामा टेबलापाशी आले. त्यांनी बाटली उचलली. खाली चिठ्ठी होती, परवाच्या सरावाची. ती त्यांनी मॅडमच्या हातात दिली. "अशी," ते म्हणाले. "पोरांचं नुकसान नको म्हणून करत गेलो. ह्या पोरीचं नुकसान मीच करून बसलो."

मॅडमना खूप काही बोलता आलं असतं. त्या इतकंच म्हणाल्या, "तोटी काढा बघू."

मामांनी तोटी काढली, फडक्यानं जुनं, काळं झालेलं व्हॅसलीन पुसलं आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला. तोटीवर आठ. माझ्या नळीवर सात. त्यांनी आठ नंबरची नळी आणली. तिच्यातली तोटी पुसली. सात. मामांनी त्या दोन तोट्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"लिव्हलेलं होतं," ते म्हणाले. "इतके साल माझ्याच हातात होतं आणि लिव्हलेलं होतं."

माझी तोटी माझ्यात परत आली तेव्हा काय वाटलं ते मला सांगता येत नाही. दहा मिनिटं तिघं बसले. एक थेंब पडला नाही. अक्षतानं पुन्हा केलं. नऊ पॉइंट आठ. पुन्हा नऊ पॉइंट आठ. शनिवारीही ती आली, दिवसभर तेच करत बसली. सोमवारी तिनं मामांना फोन केला, की साहेबांनी पाच कॅन तपासायला लावले आणि पाचही बरोबर आले. शेवटी म्हणाली, "दुर्गाबाई अजून माझ्याशी बोलत न्हाईत. दूध मात्र आणतात."

गोष्ट इथं संपवायला मला आवडलं असतं. पण त्या नमुन्याचा कागद अजून कोरा होता.

मॅडमनी वर्गातल्या एकतीस जणांना एकेक करून बोलावलं. बाटलीखाली काही नाही, शेजारी कुणी नाही. समोर फक्त मी. अकरा जणांना जमलं. बाकीच्यांनी आधी बाटली उचलली, मग मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कुठं बघायचं हेच त्यांना कळेना. मॅडमनी कागदावर लिहिलं, ३५ टक्के.

रामप्रसाद सर हसले. "पस्तीस? काठावर पास की हो आपण." मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "मॅडम, तुम्ही नव्या आहात. मागच्या वर्षी चौऱ्याण्णव, यंदा पस्तीस. विद्यापीठ विचारणार, असं काय झालं? कारणाचा रकाना आहे खाली. तिथं कुणाचं नाव टाकणार? कचरूचं? मेमध्ये रिटायर होतोय तो. शाल आणून ठेवलीय मी." शाल खरंच होती. माझ्याच कपाटात, वरच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत. "आणि जूनमध्ये मुलाखती आहेत. लेकरू लहान आहे तुमचं. मी काय सांगावं?"

सर दुष्ट नाहीत, मित्रांनो. त्यांनाही वरून विचारणारे आहेत. पण मॅडमचा चेहरा उतरला. सर गेल्यावर त्या पेन हातात धरून नुसत्या बसल्या. एकदा त्यांनी पस्तीसमधला तीन खोडायला पेन टेकवलंही. मी पाहिलं.

मामा कोपऱ्यात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मॅडम, लिव्हा," ते म्हणाले. "कारण मी सांगतो. तोट्या अदलाबदल झाल्या. कचरूनं केल्या. कचरूनंच आकडे फोडले."

"मामा, तुमचा सत्कार आहे."

"शालीखाली घाम येईल मला. लिव्हा."

मॅडमनी लिहायला सुरुवात केली आणि मोठ्यानं वाचलं, "उपकरणांच्या तोट्यांची अदलाबदल झाली होती. विभागाने ती तपासली नाही. विद्यार्थ्यांना आकडे आधी सांगितले जात होते."

"विभागानं न्हाई. कचरूनं."

"विभागात मी पण आहे, मामा. जूनपासून ही नळी माझ्या डोळ्यांसमोर गळत होती. लेकराचं नाक दिसतं मला, हिचं दिसलं नाही."

पुढं काय करणार, त्या रकान्यात त्यांनी लिहिलं: नव्या ब्युरेटा कपाटाबाहेर काढणार, दर शनिवारी सराव, तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. सरांनी तो कागद दोन दिवस टेबलावर ठेवला. तिसऱ्या दिवशी सही केली आणि कपाटाची किल्ली मामांच्या हातात न देता टेबलावर ठेवून गेले.

तीन आठवड्यांनी चोवीस जणांना जमलं. मॅडमनी पस्तीस खोडला नाही, त्याच्याखाली सत्त्याहत्तर लिहिला. जूनमध्ये त्या असतील की नाही, मला माहीत नाही. शाल अजून वरच्या फळीवर आहे.

त्या दुसऱ्या तपासणीच्या वेळी प्रितम नावाचा मुलगा माझ्यासमोर आला. घाबरलेला. जुन्या सवयीनं त्यानं विचारलं, "मामा, किती येतंय?"

मामांनी माझ्याकडे बोट केलं. "मला काय इचारतो? तिला इचार."

तो वाकला. त्याचा डोळा माझ्या रेघेच्या बरोबर समोर आला. अठरा वर्षांनी मामा पुन्हा पोरांना माझ्याकडे पाठवत होते, आणि मी खरं सांगितलं.

मित्रांनो, माझी शरम यानं गेलेली नाही. अठरा वर्षांत माझ्यासमोरून गेलेली पोरं कुठं कुठं आहेत, मला ठाऊक नाही. कुणी पाणी तपासत असेल, कुणी औषध मोजत असेल, कुणी तुमच्याच शाळेत शिकवत असेल. त्यांना भेटलात तर माझा निरोप द्या, की चूक त्यांच्या हाताची नव्हती, आणि शिकायची वेळ अजून गेलेली नाही. आणि तुमच्या घरात, शाळेत एखादी वस्तू गळताना दिसली, तर तिच्याखाली फडकं ठेवून निघून जाऊ नका. पाच मिनिटं बसा तिच्याजवळ. पुसून बघा. काय बिघडलंय ते तिच्या अंगावर लिहिलेलं असेल.